गावाकडं जाणाऱ्याला पाच

मुलाणीबाईंनी मला उभ्या आयुष्यात एकाही पुस्तकाचं नाव सुचवलं नाही. एका ग्रंथपालबाईंबद्दल लिहिताना ही तक्रार वाटेल. पण आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि त्या पदवीबद्दल आईवडिलांनंतर कुणाचे उपकार मानायचे असतील तर ते बाईंचे. तेही नेमके याच गोष्टीसाठी.

भोरच्या बाजारपेठेत एका भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथं त्यांचं वाचनालय होतं. गावातलं जुनं, नावाजलेलं वाचनालय वेगळं. हे धाकटं, फारसं कुणाला ठाऊक नसलेलं. लाकडी जिना चढून गेलं की समोर टेबल, टेबलामागं बाई आणि त्यांच्यामागं चार कपाटं. बाई ठेंगण्या आणि रुंद खांद्याच्या होत्या. डोक्यावरचा पदर त्या दोन्ही कानांमागं खोचून ठेवायच्या, नीट ऐकू यावं म्हणून. टेबलाच्या डाव्या हाताला देवघेवीचं रजिस्टर आणि उजव्या हाताला खळीचा डबा. त्यांचे वडील कचेरीतली दप्तरं बांधून देणारे बाइंडर होते, त्यामुळं पुस्तक बांधणं बाईंच्या हातातच होतं. मैद्याच्या खळीत त्या मोरचूद घालायच्या, कसर लागू नये म्हणून, आणि त्यांची बोटं कायम निळसर असायची. बोलताना हातात पुस्तकं शिवायचा दाभण असायचा. त्याच दाभणानं त्या कपाटं दाखवायच्या, खुर्ची दाखवायच्या, दारही दाखवायच्या, त्यामुळं टेबलाच्या फार जवळ कुणी उभं राहत नसे.

लिहायच्या त्या शुद्ध, बोलायच्या मात्र भोरचंच. एकदा पुण्याहून आलेले एक पाहुणे दहा मिनिटं त्यांच्याशी बोलले आणि कौतुकानं म्हणाले, "मुलाणीबाई, तुमचं मराठी फारच छान आहे हो."

बाईंची शिवण थांबली नाही. "तुमचंबी बरं हाय की," त्या म्हणाल्या. "घरीच शिकला का शाळंत?"

पाहुणे हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि हसायचे थांबले.

वाचनालयाच्या भिंतीवर पाटी होती: एका वेळी दोन पुस्तके. वर्षभर बाई ती पाटी पाळायच्या. एप्रिल संपत आला, शाळांच्या परीक्षा झाल्या की मात्र तिच्याकडं पाठ करून बसायच्या. वेल्ह्याच्या पलीकडच्या गावांतली आम्ही बरीच मुलंमुली नातेवाइकांकडं नाहीतर वसतिगृहात राहून भोरला शिकायचो. सुट्टी लागली की घरी जायचो ते थेट जूनमध्येच परतायचो. मधे पुस्तक बदलायला येणं शक्य नव्हतं. दोन पुस्तकं आठ दिवसांत संपायची आणि मग दीड महिना कोरडा. म्हणून बाईंचा स्वतःचा नियम होता, "गावाकडं जाणाऱ्याला पाच." अट एकच. आपली यादी आपण करून आणायची. पाच नावं, आणि प्रत्येक नावापुढं ते का न्यायचं याचं कारण.

आठवीत असताना मी पहिल्यांदा तो जिना चढले. उत्रोलीला मावशीकडं राहायचे आणि चालत भोरला शाळेत यायचे. लाल समास आखून, सुंदर अक्षरात मी यादी लिहून नेली होती. बाईंनी कागद लांब धरून वाचला.

"कुणाची ही?"

"माझी, बाई."

"अक्षर तुझं हाय. यादी कुणाची?"

"सरांनी फळ्यावर लिहून दिली होती."

त्यांनी कागदाची नीट चौपदरी घडी घातली, खाली वाकल्या, आणि टेबलाच्या आखूड पायाखाली ती सरकवली. टेबल हलवून बघितलं. "आता बसलं बरं. सरांची यादी सरांना वाचू दे. तुझी कुठाय?"

"मला कुठं काय कळतंय, बाई."

"मग मला तरी तुझ्यातलं काय कळतंय? कुठली तू?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलं, आणि त्या दिवसापासून मला वेल्हेकरीण म्हणायला लागल्या. दाभणानं कपाटं दाखवली. "ती चार कपाटं. सहाला मी कुलूप लावती. आन् एक ध्यानात ठेव, पयलं पान वाचू नको. पाव्हणं येणार म्हणल्यावर ओसरी समदेच सारवत्यात. मधलं पान उघड. सैपाकघरात डोकाव."

मी डोकावले नाही. मी हिशेब केला. दिवस पंचेचाळीस, पुस्तकं पाच. म्हणजे जितकी जाड तितकी चांगली. चारही कपाटांतली सगळ्यात जाड पाच पुस्तकं मी निवडली आणि प्रत्येकापुढं कारण लिहिलं: जाड आहे. पाच वेळा. बाईंनी ते वाचलं. चेहऱ्यावर काही नाही. रजिस्टरात नोंद केली आणि म्हणाल्या, "जा. भिजवू नको."

घरी गेल्यावर कळलं. निळ्या कापडात बांधलेल्या एका पुस्तकावर नाव नव्हतं; यादीत मी त्याला नुसतं 'निळं जाड' लिहिलं होतं. ते पुस्तकच नव्हतं. वाचनालयाच्या कित्येक वर्षांच्या वार्षिक अहवालांचा तो एकत्र गठ्ठा होता. मी रडले. आईनं विचारलं काय झालं, तर सांगताही येईना. उरलेल्या चारांपैकी दोन मला कळली नाहीत आणि दोन मेच्या मध्याला संपली. मग आईवडील भाताच्या रोपांसाठी राब भाजायला वावरात गेले की मी करवंदाच्या जाळीशेजारी बसून अहवाल वाचायला लागले. कुणी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, कुठल्या सभासदानं मासिकातल्या चित्रांना मिशा काढल्या आणि त्याला समज कशी देण्यात आली, जिना चढून आलेली शेळी कुणाची यावर कार्यकारी मंडळात किती वेळ चर्चा झाली. सगळे ठराव वाचले. जून उजाडेपर्यंत ती माणसं मला गावातल्या म्हाताऱ्यांसारखी ओळखीची झाली होती.

परत आल्यावर मात्र राग उफाळून आला. "बाई, ते अहवाल होते. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मीच बांधल्यात. मला ठाऊक नसंल?"

"मग सांगितलं का नाही?"

"मधलं पान उघडलं व्हतंस?"

मी गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला.

"वाचलंस?"

"सगळं."

"मग भांडतीस कशाला? ठेव तिकडं, आन् पुढच्या वर्षी यादी करताना डोळं उघडं ठेव."

अशा त्या होत्या. चुकू द्यायच्या. आजूबाजूला सगळे आम्हाला चुकण्यापासून वाचवायच्या खटपटीत असताना या एकट्या बाई स्वस्थ बसून चुकू द्यायच्या.

त्यांच्या यादीचे रिवाज हळूहळू कळत गेले. कारणाच्या जागी "चांगले आहे" लिहिलेलं चालत नसे. "चांगलं तर मीठबी असतं. त्याच्याविषयी कुणी काय लिवतं का?" पाचांतलं एक पुस्तक भांडायला न्यायचं, म्हणजे ज्यातलं पटणार नाही असं आधीच वाटतंय असं. "समदी हो ला हो म्हणणारी नेलीस तर दोन म्हयनं आरशापुढं बसल्यागत हुईल." पुस्तक अर्ध्यात सोडायला परवानगी होती, त्याची लाज नव्हती, पण कितव्या पानावर सोडलं आणि का सोडलं ते परत आल्यावर यादीत लिहावं लागे. माझ्या पुढच्या वर्गातल्या एका मुलीनं लिहिलं होतं, "पान ४१. नायक फार शहाणा आहे." ते वाक्य बाई पुढं कितीतरी वर्षं सांगायच्या. कुणाचं ते मात्र सांगायच्या नाहीत. मला ठाऊक आहे कारण ते त्या मुलीनंच मला सांगितलं.

याद्या त्या टेबलाच्या खणात कुलपात ठेवायच्या. एकदा बाजारपेठेतले एक गृहस्थ तणतणत जिना चढून आले. त्यांच्या मुलीच्या दप्तरात म्हणे प्रेमाबिमाची कादंबरी सापडली होती.

"तिनं यादीत काय लिहून दिलंय ते दाखवा," ते म्हणाले.

"यादी तिची हाय. तिला इचारा."

"मी बाप आहे तिचा."

"व्हय की. म्हणून तर म्हणती, तिला इचारा. मला इचारायला कशाला आला? घरी बोलत न्हाई का तुमी दोघं?"

 बाईंनी दाभणानं खुर्ची दाखवली, आणि गृहस्थ बसले. जाताना त्यांनी स्वतःसाठी एक पुस्तक नेलं. त्यांनाही बाईंनी काही सुचवलं नव्हतं.

दहावीच्या सुट्टीला माझी यादी बघून बाई म्हणाल्या, "पाची तुझीच? घरच्यांचं काय?"

"घरात कुणाला वाचता येत नाही, बाई."

"ऐकायला येतं का?"

"येतं."

"मग एक जागा मोकळी सोड. त्यांना इचारून ये."

त्या आठवड्यात आई मावशीकडं आली होती. मी विचारल्यावर ती आधी लाजली. "म्या काय सांगू? तुझं तू वाच." मग चुलीपुढं बसल्या बसल्या, माझ्याकडं न बघता म्हणाली, "समुद्राचं असलं तर आन. म्या न्हाई बघितला."

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणं कपाटांकडं दाभण केला. तासाभरानं मला एक गलबतावरच्या माणसांची कादंबरी सापडली. मधलं पान उघडून पाहिलं, वादळ चाललं होतं, ती घेतली. मे महिन्यात दुपारी आई चिंचा फोडत बसायची आणि मी मोठ्यानं वाचायचे. वडील आढ्याकडं बघत पडलेले असायचे. "परीक्षा झाली न्हवं?" असं पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, दुसऱ्या दिवसापासून विचारलं नाही. त्या गोष्टीत एका खलाशाची बायको होती, ती पानंच्या पानं किनाऱ्यावर उभी राहून नवऱ्याची वाट बघायची. तिसऱ्या दिवशी आईनं हातातली चिंच खाली ठेवली.

"ही नुसती हुबीच? हिला शेत न्हाई का?"

जूनमध्ये परत आल्यावर हे मी यादीत त्या पुस्तकापुढं जसंच्या तसं लिहिलं. बाईंनी ते वाचलं आणि दाभण टेबलावर ठेवून दिला. हातातलं काम असं मधेच सोडताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "तुझ्या आईला सांग," त्या म्हणाल्या, "लिवणाऱ्याला हे सुचाया पायजे व्हतं." त्यानंतर दर एप्रिलला माझी यादी हातात घ्यायच्या आधी त्या विचारायच्या, "आईचं काय आलंय?" त्या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. आईच्या मागण्या मात्र वाढत गेल्या. एका वर्षी तिनं कळवलं, कुणी मरत नाही असं आण. ते शोधायला मला दोन दिवस लागले.

मी भोरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा वाचनालयाला नवे कार्यवाह आले, शितोळेसाहेब. शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचे, त्यांनी पंखे दुरुस्त करून घेतले, जिन्याला कठडा बसवला. पण त्यांना सगळं एकसारखं लागायचं. त्या एप्रिलला त्यांनी छापील कागद आणले: "उन्हाळी वाचन: निवडक वीस पुस्तके". प्रत्येक नावापुढं खूण करायला चौकोन. जास्त खुणा करणाऱ्याला प्रमाणपत्र. सोबत सूचना, की मुलांना याच वीसांतली पुस्तकं द्यावीत, दोनपेक्षा जास्त देऊ नयेत, आणि भरलेले कागद भिंतीवर लावावेत.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी एक कागद हातात घेऊन उलटा केला, बोट फिरवलं. "कागद चांगला हाय," त्या म्हणाल्या. "मागची बाजू कोरी हाय."

त्या वर्षी गावाकडं जाणाऱ्या सगळ्या मुलांनी साहेबांच्या यादीच्या पाठीवर आपापली यादी लिहिली. पाच पाच पुस्तकं पिशव्यांत भरून एसटीनं वेल्ह्याकडं गेली. आठवड्यानं साहेब आले तेव्हा कॉलेजची परीक्षा बाकी असलेले आम्ही काहीजण शेजारच्या खोलीत वाचत बसलो होतो.

"मुलाणीबाई, मुलांनी भरून दिलेले कागद द्या. भिंतीवर लावू."

"भरल्यात, साहेब. पन मागच्या बाजूनं."

"म्हणजे?"

"पोरांनी आपली आपली यादी केलीय."

"आणि ही वीस पुस्तकं?"

"कपाटातच हाईत. ज्याला वाटलं त्यानं नेली. तिघांनी नेली."

"द्या ते कागद."

"न्हाई देता येत."

"का?"

"पोरांनी ते मला दिल्यात. भिंतीला न्हाई दिलं."

दोन दिवसांनी मंडळाची सभा लागली. आतल्या खोलीत, त्यामुळं बाहेर कपाटांपाशी बसलेल्या आम्हाला सगळं ऐकू येत होतं. बाईंना सभासदांपुढं खुर्ची दिली होती, पण त्या उभ्याच होत्या. एक सभासद म्हणाले, मुलांना काय कळतं, वाट्टेल ते निवडतील, चुकतील.

"चुकत्यात की," बाई म्हणाल्या. "पुस्तक चुकलं तर जूनमंदी परत करता येतं. बाकीचं काय काय चुकल्यावर परत करता येतं, सांगा बरं."

 शितोळेसाहेबांनी विषय बदलला. "ते राहू द्या. पाच पुस्तकं कुठल्या नियमानं दिलीत? भिंतीवर दोन लिहिलंय."

तेव्हा मला माझं आठवीतलं उन्हाळ्याचं वाचन आठवलं. मी उठले, तिसऱ्या कपाटातून निळ्या कापडाचा तो गठ्ठा काढला, पान शोधायला वेळ लागला नाही. आत जाऊन तो उघडाच बाईंच्या हातात दिला आणि बाहेर आले. बाईंनी ते पान मोठ्यानं वाचलं. संस्थापकांच्या वेळचा ठराव होता, की लांबच्या गावांतील वाचकांस सुट्टीच्या काळात जादा पुस्तके देण्याचा अधिकार ग्रंथपालांस राहील.

 मला वाटलं, जिंकलो.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ठराव जुना आहे," ते म्हणाले. "आजच्या सभेत तो रद्द करू. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

हात वर झाले. एका म्हाताऱ्या सभासदांनी तेवढा केला नाही. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मग बाईंकडं लेखी खुलासा मागितला गेला. त्यांनी तिथंच, उभ्या उभ्या, साहेबांच्या छापील कागदाच्या कोऱ्या बाजूवर तीन वाक्यं लिहिली. मुलांनी आपल्या मनानं पुस्तकं निवडली. मी ती त्यांना दिली. पुढच्या वर्षीही देईन. खाली सही. मग बाहेर येऊन खणाचं कुलूप काढून याद्या पिशवीत घातल्या, खळीचा डबा आणि दाभण घेतला, किल्ली टेबलावर ठेवली आणि जिना उतरल्या.

मी मागोमाग धावले. "बाई, माझ्यामुळं ठरावच गेला."

"गेला तर गेला. हात तर वर करावा लागला का न्हाई त्यांना? न्हाईतर कुणाला काय न इचारता झालं असतं." थोडं चालून त्या थांबल्या. "आन् पुस्तकं कुठं हाईत आता?"

"गावांत."

"मग? जूनपातूर कोण आनतंय माघारी?"

बाईंना परत बोलावलं गेलं नाही. वाचनालयाची अभ्यासिका झाली, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आली, आणि गोष्टी-कादंबऱ्यांवर "बाद" असा शिक्का मारून त्या रद्दीला काढायचं ठरलं. बाईंनी रीतसर अर्ज केला, की त्या मला द्याव्यात, मीच बांधलेल्या आहेत. ते मात्र मिळालं. त्यांच्या घराच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून ते ढीग उभे राहिले. पुढच्या एप्रिलला दारात चपलांची गर्दी झाली. एका मुलानं शिक्का दाखवून विचारलं, बाई, हे बाद म्हणजे काय. बाई म्हणाल्या, "शिक्का पयल्या पानावर हाय. मधी कुठं मारलाय का बघ."

मला पदवी मिळाली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. बाईंनी पेढा घेतला आणि विचारलं, "तीन वर्षांत अर्ध्यात किती सोडलीस?" मी आकडा सांगितला. "कमी हाय," त्या म्हणाल्या. "भीत भीत शिकलीस."

त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. श्रावणात गेल्या. आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत शाळेच्या गणवेशातली एक मुलगी उभी होती, वेल्ह्याच्या पलीकडची. छातीशी पाच पुस्तकं. परत करायला आली होती. बाईंची भाची तिला म्हणाली, ठेव तिथं. मुलगी काही ठेवेना. "कारनं वाचून दाखवल्याबिगर बाई घेत न्हाईत," ती म्हणाली. मग आम्ही दोघी बसलो, आणि तिनं पाचही कारणं आम्हाला वाचून दाखवली.

ही मुलगी भोरच्या शाळेत परत कशी आली, त्यातली एक बाजू मी पाहिली आहे. बाईंचं ते मला शेवटचं दिसणं.

त्या श्रावणाच्या आदल्या मे महिन्यातली गोष्ट. मी कामथडीजवळच्या शाळेत शिकवते. तपासायच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन चेलाडी फाट्यावर उभी होते. वेल्ह्याचा रस्ता तिथं हायवेपासून फुटतो. रसवंतीच्या पत्र्याखाली बाई बसलेल्या दिसल्या. पदर कानांमागं, मांडीवर कापडी पिशवी. डोळ्यांना तोवर बरंच कमी दिसायला लागलं होतं. मी अगदी समोर जाऊन बोलले तेव्हा ओळखलं.

"बाई, एवढ्या उन्हात कुठं?"

"वेल्ह्याच्या पुढं. आठवीतली पोरगी हाय. बापानं सांगितलंय, आता भोर बास, घरीच ऱ्हा. तिनं शेजाऱ्याच्या मोबाईलवरनं यादीचा फोटो पाठवला." त्यांनी पिशवीवर थाप मारली. "तिला येता येईना, तर पुस्तकांनी जायला काय झालं?"

"आणि वडिलांनी घरात घेतलं नाही तर?"

"मी काय ऱ्हायला चाललीय? पायरीवर बशीन. म्हाताऱ्या बाईला पानी तरी देतील का न्हाई? पानी पिताना बोलायला येतं." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "पाचातलं एक बापासाठी हाय. तिनं लिवलंय, अप्पांना बैलांचं आवडंल. त्याला मी एवढंच सांगनार, की हिनं तुझा इचार केलाय, तू हिचा कर."

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुझी यंदाची?"

"बाई, पेपर तपासायचे आहेत. वेळच होत नाही."

"लिव."

"इथं?"

"मग काय माझ्या घरी येनार हाईस? लिव."

पिशवीतून कागद काढला, पेन काढलं. पेपरांच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून मी उभ्यानं लिहायला लागले. दोन झाली आणि वेल्ह्याची गाडी आली. बाई दारापाशी गेल्या, एक पाय पायरीवर ठेवला आणि तशाच थांबल्या.

"आजी, वर या की," कंडक्टर म्हणाला. "का तिथंच मुक्काम?"

"थांब जरा. तिचं तिसरं व्हायचंय."

"कसलं तिसरं?"

"पुस्तक."

खिडकीतून कुणीतरी बोललं, "घ्या. हितं गाडीचा तवा झालाय आन् ह्यांचं पुस्तक चाललंय."

"मग तुमीबी लिवा, बसल्या बसल्या," बाई म्हणाल्या. "कागद देऊ?"

गाडीत हशा झाला. मी कसंबसं पाचवं लिहिलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्या चढल्या, खिडकीजवळ बसल्या. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाला लावून वाचायला लागल्या. घंटी झाली. गाडी हलली तसा त्यांचा हात खिडकीतून बाहेर आला. हातात माझी यादी होती.

"दुसरं कारन खोटं हाय. परत लिव."

मी दोन पावलं पळून कागद घेतला. गाडी वेल्ह्याच्या रस्त्याला वळली. दुसऱ्या नावापुढं मी लिहिलं होतं: शाळेत उपयोगी पडेल.